उलटं उतरलेलं स्वप्न

टक् असा आवाज आला, एवढंच. ल्यूबाईच्या टपरीवर सकाळी नुसता आवाजच असतो, कढईचा, स्कुटरींचा, सुर्र सुर्र रस्सा ओढणाऱ्यांचा, त्यात हा टक् ऐकू यायचं काही कारण नव्हतं. पण माझा कान लाकडाचा आहे. पटाशी गाठीवर गेली की हाताच्या आधी कानाला कळतं, तसं कळलं, काहीतरी कठीण चिनीमातीवर पडलं. समोर माझी पोरगी बसली होती, चिंगशू. आदल्या संध्याकाळी नवऱ्याच्या घरून आली होती, न कळवता, एका पिशवीनिशी. तांदळाच्या पट्ट्या काड्यांनी उचलायची आणि एकाच गालात सारायची. दुसरा गाल नुसता सोबतीला होता. "माझ्या रश्श्यात खडा निघत नाही हां, आधीच सांगते," ल्यूबाई पळी उगारून ओरडली. "निघाला तर घरून आणलेला!" बाकावरचे हसले. चिंगशूही हसली, तोंडावर हात धरून, आणि मग वाडग्याच्या तळातून तिनं ते उचललं, कागदी रुमालावर ठेवलं. दाढ होती. पांढरी, घासूनपुसून ठेवल्यासारखी. रक्ताचा टिपूस नाही. "खोटी आहे, बाबा," ती म्हणाली. "ल्यांगनं केलेली. तशी छान बसली होती." ल्यांग माझा जावई. दवाखान्यांना लागणारे दात बनवायचं काम करतो तो, बारीक बोटांचा, कधी आवाज न चढवणारा, आमच्याकडे आला की चपला कडेला जुळवून ठेवणारा माणूस. मी विचारलं, "आणि खरी कुठं गेली?" ती रस्सा प्यायली. वाडगा खाली ठेवला. "पाडली त्यानं, केलीही त्यानंच. रंग जुळवायला मला खिडकीशी उभी केली होती, उजेडात. तोंड उघडून. इतक्या मायेनं बघत होता ना, बाबा, की मला रडूच आलं."

मला बोलता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे गप्पा कितीही हाणतो, पण जिथं बोलायचं तिथं माझी जीभ फळीसारखी होते. बोलायला लागले ते हात. टेबलाखाली मांडीवर पडले होते, आपसूक वळायला लागले. हे हात आधी पटाशीचे नव्हते. आमच्या ह्या सिमाओ गावात यंत्र यायच्या आधी नगरपालिकेच्या कत्तलखान्यात मी डुकरं मारायचो. शाळा चौथीपर्यंत, अंगात ताकद, दुसरं कोण काम देणार. डुकराला बाकावर आडवं घेतात, एकानं मागचे पाय धरायचे, एकानं कान, आणि गळ्याखाली जिथं मऊ खळगा असतो तिथून सुरा आत, मग थोडा खाली, काळजाकडं. जोर लावायचा नाही. जोर लावला की हाडावर जातो. उस्ताद म्हणायचे, दार उघडंच असतं, तू फक्त आत जायचंस. खाली बादली, बादलीत मीठ, आणि एकानं काड्यांनी रक्त ढवळत राहायचं, नाहीतर गोठतं. ते किंचाळणं मला कधी ऐकूच यायचं नाही. घरी आल्यावर, हातपाय धुऊन, जेवून आडवा झालो की मग ऐकू यायचं. तसा मी स्वप्नांना लागलो. पुढं यंत्र आलं, आम्हाला घरी बसवलं, आणि संस्कृती केंद्रात एक मास्तर फुकट लाकूड कोरून चित्रं छापायला शिकवतात म्हणून गेलो, हात रिकामे राहू नयेत एवढ्यासाठी. त्यांनी विचारलं, काय कोरणार? मी म्हटलं, दुपारी जे दिसतं ते. तेव्हापासून मी स्वप्नंच कोरतो. बाहेरचे लोक येतात, दालनात लावतात, ह्याचा अर्थ काय म्हणून विचारतात. मी सांगतो, त्या दिवशी दुपारी जड जेवलो होतो.

घरी गेल्यावर चिंगशूनं दाढ आईला दाखवली. यिनह्वान, माझी बायको, तोंडानं फटकळ आहे आणि शकुनाला पक्की. तिनं चष्मा लावून दाढ बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं. "दात पडला की घरातलं वडीलधारं जातं. नुसता स्वप्नात पडला तरी जातं. हा तर वाडग्यात पडला." मी म्हटलं, "खोटा आहे तो." "मग तू खोटा मरशील," ती म्हणाली आणि आत भाजी चिरायला गेली. सुरी लाकडावर टकटक वाजायला लागली. आतूनच बोलत होती. राहू दे म्हणाली आठ-चार दिवस, खाऊ दे, अंग भरू दे, तो येईल न्यायला. न्यायला येतात. हातात बाटल्या घेऊन, मान खाली घालून येतात, आणि दोन माणसांत बसून माफी मागितली की पुरुष वर्ष-दोन वर्षं नरम राहतो. पोरगी ओट्याशी उभी राहून लसूण सोलत होती आणि मान हलवत होती. मला तिची मान दिसत होती मागून. केस वर बांधलेले, आणि कानामागं, जिथं कुणी बघत नाही तिथं, पिवळं पडत चाललेलं बोटांचं निशाण. हिरव्याचं पिवळं होतं ते. मला रंग कळतात. निशाण ताजं नव्हतं, आणि पहिलंही नव्हतं.

त्या दुपारी जेवून मी गच्चीवरच्या खोलीत आडवा झालो. माझं कारखान्यासारखं सगळं तिथंच आहे, फळ्या, शाया, रोलर, आणि एक खाट. डोळा लागला न लागला तोच बाक दिसला. जुना, कत्तलखान्यातला, मधे खोलगट झालेला. त्यावर ल्यांग निजलेला, इस्त्रीचा शर्ट, पायाला दोरी, चपला खाली जुळवून ठेवलेल्या. आणि बाकाशी मी. पण मी मलाच मागून बघत होतो. रबरी कोट घातलेला, कोटाचीच टोपी डोक्यावर ओढलेली, तोंड दिसत नाही, उजवा हात वर, हातात सुरा. मी सुरा घातला. ल्यांग नम्रपणे म्हणाला, "बाबा, जरा वर घ्या. तिथं हाड आहे." मी काढला, वर घेतला, परत घातला. "हां," तो म्हणाला, "आता बरोबर." दार उघडंच होतं. बादलीत धार पडायला लागली आणि कुणीतरी काड्यांनी ती ढवळायला लागलं, मनगट तेवढं दिसत होतं, बाकी माणूस नाही. आणि मला काय वाटत होतं सांगू? भूक लागली होती. मी जागा झालो तेव्हा जबडा दुखत होता आणि दंड इतका भरून आला होता की उशीसुद्धा उचलवेना. खाली यिनह्वानचा आणि पोरीचा हसण्याचा आवाज येत होता, टीव्हीवर काहीतरी लागलं होतं.

स्वप्न माशासारखं असतं, धरेपर्यंत निसटतं. रोज मी आधी पातळ कागदावर काढतो, मग कागद पालथा करून फळीवर घासतो, कारण फळीवर जे उजवीकडं ते छापलेल्या कागदावर डावीकडं येतं. शिकाऊ पोरालाही हे सांगावं लागत नाही. पण त्या दुपारी माझ्या अंगात आलं होतं. समोर कोरी फळी होती, ब्रश होता, मी सरळ फळीवरच काढत सुटलो. बाक, बादली, रबरी कोट, वर गेलेला हात. काढून झाल्यावरच श्वास घेतला. मग दुसऱ्या दिवसापासून छापायला लागलो. आमच्याकडची रीत अशी की रंग कितीही असोत, फळी एकच. आधी पिवळा सगळ्या कागदांवर छापायचा. मग फळीवर जिथं जिथं पिवळा तसाच राहायला हवा तेवढं कोरून टाकायचं, उरलेल्यावर लाल, त्याच कागदांवर. मग परत कोरायचं, परत वरचा रंग. चित्र भरत जातं आणि फळी मरत जाते. शेवटचा काळा लागतो तेव्हा फळीवर नुसत्या काड्या उरलेल्या असतात. चुकलं तर मागं जायला वाट नाही, कारण मागचं लाकूड भुशात गेलेलं असतं. मला हेच आवडायचं. कत्तलखान्यातून आलेल्या माणसाला खोडरबरवाली कामं जमत नाहीत.

कोरायला लागलो की मी ल्यांगलाच कोरत होतो. खोटं कशाला बोलू. शर्टाची घडी होती, तिच्या कडेनं पटाशी चालवली आणि मला लाकूड लागतच नव्हतं, काहीतरी मऊ लागत होतं, आणि भुसा उडाला की मी हात पुसायचो, परत परत, लुंगीला पुसायचो, भुसा कोरडा असताना. ती खिडकीशी तोंड उघडून उभी आहे आणि तो उजेडात बघतोय. किती मायेनं. मी बाकावर बसून विचार करायचो की बस पकडली तर दुपारपर्यंत त्याच्या दारात. चपला कडेला काढीन. तो म्हणेल, बाबा, या, चहा. आणि मी गळ्याखालचा खळगा बघीन. एकदा तर मी जिन्यापर्यंत आलो, पटाशी हातातच, आणि खालून यिनह्वान म्हणाली, "मीठ आणतोस का जाताजाता?" मी म्हटलं, "कुठं जाताजाता?" ती म्हणाली, "मला काय माहीत? तू निघालास ना?" मी मीठ आणलं. मिठाची पिशवी हातात धरून ल्यूबाईच्या टपरीसमोर कितीतरी वेळ उभा होतो. माझ्या हातांची मला भीती वाटायला लागली होती. लाल छापून झाला तेव्हा बादलीतलं रक्त आधी उमटलं, नुसते डाग, अजून हात नाहीत, माणसं नाहीत, आणि मला त्या डागांकडं बघून बरं वाटलं, जेवल्यासारखं बरं वाटलं.

हिरवट काळा लावला त्या दिवशी चूक दिसली. त्या रंगात अंगं उमटतात. मी पहिला कागद उचलला, उजेडात धरला, आणि शिवी घातली. कोटवाला पाठमोरा उभा आहे, टोपी आहे, सगळं जसंच्या तसं, पण सुरा डाव्या हातात. मी डाव्या हातानं पाणीसुद्धा पीत नाही. बाकावरचाही उलट्या बाजूला डोकं करून पडला होता. इतकी वर्षं ह्या धंद्यात, आणि सरळ फळीवर काढायची ही चूक. परतीची वाट नव्हती, लाकूड गेलेलं. यिनह्वान चहा घेऊन वर आली होती, तिनं कागद बघितला. "कोण आहे हा बाकावर?" "डुक्कर." "डुकराला शर्ट?" ती बराच वेळ बघत राहिली. तिला कळलं, तिला नेहमीच कळतं. चहा ठेवून म्हणाली, "असलं पोटात ठेवून निजतोस होय माझ्या शेजारी? आण इकडं एक." आमच्याकडं वाईट स्वप्न पडलं की ते कागदावर उतरवून उन्हाच्या भिंतीला चिकटवतात. सूर्यानं बघितलं की त्याचं विष उतरतं, चांगल्यात जमा होतं. मी म्हटलं, "अजून काळा राहिलाय, अर्धवट आहे." "अर्धवट आहे तोवरच उतरव," ती म्हणाली. पिठाची खळ करून तिनं तो कागद गच्चीच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावला, तळहातानं दाबून दाबून, आणि हात झटकून खाली गेली.

मग चिंगशू धुणं वाळत घालायला आली. मी आत रोलर पुसत होतो. दोरीवर चादर पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही म्हणून बाहेर आलो. ओली चादर खाली पडली होती आणि ती भिंतीसमोर उभी होती, ओठ पांढरे. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "काय?" "मी तर कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही." तिनं बोट केलं, आणि तिनं बोट केलं तेव्हा मला दिसलं की बोट डाव्या हाताचं आहे. आमची चिंगशू डावखुरी जन्मली. गोल टेबलाशी बसलं की शेजाऱ्याच्या कोपराला लागतं म्हणून माझ्या आईनं जेवताना तिचा डावा हात लाल दोरीनं खुर्चीला बांधायला सुरुवात केली, आणि पोरगी एका हातानं सांडत, रडत, शेवटी उजव्यानं जेवायला शिकली, लिहायला शिकली, आता कुणाला सांगून पटणार नाही. पण दचकली, हसली, जळालं, पडलं, की डावा आधी जातो. तो हात तिनं आत कुठंतरी सांभाळून ठेवला होता. "रविवारी तो दुपारी जेवून झोपला होता," ती सांगायला लागली, माझ्याकडं न बघता, चित्राला सांगितल्यासारखी. "मी रेनकोट घातला. टोपीसकट. कपड्यांना लागू नये म्हणून. एवढं सगळं डोक्यात होतं, बघा. सुरी घेतली आणि त्याच्या उशाशी उभी राहिले. किती वेळ माहीत नाही. हात असाच वर होता. अस्साच. मग तो कुशीवर वळला आणि झोपेत म्हणाला, पाणी दे. मी रेनकोट घालूनच पाणी दिलं. त्यानं डोळे न उघडता प्यायलं. मग मी पिशवी भरली." मी विचारलं, "त्याच्या भीतीनं आलीस ना?" ती म्हणाली, "त्याच्या नाही, बाबा. माझ्या."

मी काय काय विचार केला त्या उन्हात उभं राहून, ते सांगवत नाही. माझा राग एकदम कुठं गेला कळलं नाही, त्याच्या जागी दुसरंच काही आलं, थंड, फळीवर ओला हात ठेवल्यासारखं. इतके दिवस मी समजत होतो की सुरा माझा, दंड माझा, भूक माझी. आणि ते सगळं तिचं होतं. बादली ढवळणारं ते मनगट तेवढं माझं असावं. मला तिला ओरडून सांगायचं होतं की हे फार सोपं असतं पोरी, दार उघडंच असतं, म्हणूनच जाऊ नकोस, मी गेलोय, आतून परत येताच येत नाही, नुसतं जेवावं लागतं आणि झोपावं लागतं. म्हटलं एवढंच, "परत जाऊ नकोस." ती हसली. "मी नाही जात. तो येतो. येतो आणि रडतो, बाबा. खरं खरं रडतो. तो रडला की माझे पाय त्याच्यामागं चालायला लागतात. पाय आपले जातात, आणि हात काहीतरी वेगळंच ठरवून बसलेला असतो. ह्या वेळी गेले ना, तर पाणी मागायच्या आधीच होईल." तिनं चादर उचलली, परत पिळली, दोरीवर टाकली. त्या दिवसापासून मला घरात पातीच पाती दिसायला लागली. भाजीची सुरी, कात्री, वस्तरा, माझ्या पटाश्या. मी स्वयंपाकघरातला चिरायचा-चेचायचा रुंद सुरा उचलून वर नेऊन फळ्यांमागं ठेवला. संध्याकाळी चिंगशू जिन्यातून ओरडली, "बाबा, लसूण आता कपाळावर चेचू का?" यिनह्वान म्हणाली, "म्हाताऱ्याला स्वयंपाक शिकायचाय, राहू दे वर." मी सुरा खाली आणून दिला. काय करणार, लसूण चेचायलाच हवा.

ल्यांग आला तो सकाळचा, धुकं नुकतं उतरलेलं. दोन बाटल्या, लाल कागदात, उंची सिगारेटी, आणि यिनह्वानसाठी गुडघ्याला बांधायचं काहीतरी. चपला जुळवून ठेवल्या. "आई, बाबा," म्हणाला, आणि डोळे भरले त्याचे, खरंच भरले. यिनह्वाननं बाटल्या टेबलावर घेतल्या. आमच्याकडं बाटल्या घेतल्या म्हणजे बोलणं अर्धं झालं. चहा झाला. तो मान घालून बोलत होता, माझं चुकतं, डोकं फिरतं, कामाचा ताण, हिच्यावर माझा जीव आहे म्हणून होतं. यिनह्वान मधेमधे "हं" म्हणत होती. चिंगशू वर होती, माझ्या पटाश्या तेलानं पुसत. तो म्हणाला, "मी वर जाऊन बोलू का तिच्याशी?" आणि उत्तराची वाट न बघता उठला. मी त्याच्यामागं गेलो. जिन्यात त्याची मान माझ्या डोळ्यांसमोर होती, नुकतीच हजामत केलेली, पावडर लावलेली. मला तिथं काही वाटलं नाही. भीती फक्त वरच्या खोलीची होती.

वर सगळे कागद दोरीवर वाळत होते, एकसारखे, कोटवाला, बाक, बादली, सगळीकडं तेच. ल्यांग मधोमध उभा राहून बघत राहिला. शिकलेला माणूस, चित्राला आधी दाद देतो. "बाबा, जबरदस्त आहे हो. अंगावर काटा आला." मग बारीक बघून हसला. "हा डावखुरा का? आमच्या घरातही एक आहे डावखुरी. चोरून आहे, पण मला माहीत आहे." तो तिच्याकडं वळला. ती फळीशी बसली होती, मांडीवर चिंधी. "किती वाळलीस," तो म्हणाला. "चल घरी. दाढ पडली म्हणे? आई सांगत होत्या. मी नवीन करतो, आधीपेक्षा छान. बघू." आणि त्यानं दोन बोटांत तिची हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली. "आ कर." तिनं आ केला. खरंच केला. तोंड उघडून खिडकीकडं मान वर करून बसली, आणि तो वाकून आत बघायला लागला, इतक्या मायेनं. मला तिचा खांदा दिसला. डावा. पटाशी खोल घालायच्या आधी खांदा कसा थोडा मागं जातो ते मला ठाऊक आहे. तिच्या मुठीत टोकदार पटाशी होती, लाकडी मूठ तळहातात बसवलेली, अंगठा वर, मी शिकवल्यासारखी. आणि त्याचा गळा वाकल्यामुळं उघडा, खळगा बरोबर समोर. दार उघडंच होतं. मला वाटलं, होऊ दे. अगदी खरं सांगतो, माझ्या अंगातला केस न् केस म्हणाला होऊ दे, मी पाहिलंय हे, मी छापलंय हे, आता फक्त काळा राहिलाय. हात वर आला, खाली निघाला. आणि मग माझा उजवा हात मधे गेला. मी घातला म्हणत नाही, गेला. तळहातात आधी गार लागलं, मग काहीतरी दोन हाडांमधून सरकलं, ओळखीचं, सराईत, आणि हाताच्या पाठीवरची कातडी तंबूसारखी वर आली. जोर चांगला होता पोरीचा. कुठंच अडखळली नाही.

कुणीच ओरडलं नाही. ल्यांग मागं सरकला तो कागदांच्या दोरीत अडकला, ओली शाई त्याच्या शर्टाला लागली, गालाला लागली. "ही वेडी आहे," तो हळूच म्हणाला, मग मोठ्यानं, "ही वेडी आहे! बाबा, बघितलंत? मला मारत होती! पोलीस, मी पोलिसांना..." मी हात त्याच्यासमोर धरला, पटाशीसकट. मूठ इकडं, टोक तिकडं, आणि मनगटावरून कोपरापर्यंत धार. त्याच्या इतक्या जवळ गेलो की त्याच्या पावडरीचा वास आला. "कोरताना लागलं," मी म्हटलं. "तू बघितलंस. कोरताना निसटली." तो हाताकडं बघत होता. "बघितलंस ना?" मी दुसऱ्या हातानं त्याची कॉलर धरली. त्या हाताला अजून सगळं आठवत होतं, त्यालाही ते कळलं असावं, कारण तो म्हणाला, "बघितलं." "मग परत हिच्या तोंडात बघायला येऊ नकोस." जिन्यात यिनह्वान उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं माझा हात बघितला, पोरीकडं बघितलं, तिचं तोंड अजून अर्धवट उघडंच होतं. मग ती खाली गेली आणि दोन्ही बाटल्या घेऊन आली, लाल कागदासकट, आणि ल्यांगच्या छातीशी दिल्या. "हे तुझं राहिलं," ती म्हणाली. आमच्याकडं बाटल्या परत दिल्या की पुढं बोलायला काही उरत नाही. त्यानं धरल्या. गुडघ्याचं तेही तिनं वर ठेवलं. तो अनवाणीच गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, मग चपलांसाठी परत यायचं धाडस होईना म्हणून तसाच गेला. ल्यूबाई ओरडलेली ऐकू आली, "जावईबुवा, रस्सा तरी घेऊन जा!"

दवाखान्यात चिंगशू माझ्याबरोबर आली. यिनह्वाननं टॉवेल बांधून दिला होता. ती शेजारच्या स्टुलावर बसली, डावा हात दोन्ही गुडघ्यांमधे दाबून, जणू पुन्हा कुणी बांधून ठेवलाय. डॉक्टर तरुण होता, गप्पिष्ट. पटाशी काढताना मला गोष्टी सांगत राहिला, आमच्या गावात सगळे कोरणारेच, आठवड्याला एक तरी येतो म्हणाला. टाके घालता घालता थांबला. हात उलटसुलट केला. "पण काका, कोरणाऱ्याला नेहमी डाव्या हाताला लागतं. उजव्यात पटाशी असते, डाव्यानं फळी धरतात. तुम्हाला उजव्याला कसं लागलं?" चिंगशूनं मान वर केली. तिचा श्वास मला ऐकू आला. ती सांगणार होती, मला माहीत आहे तिचा चेहरा, ओठ उघडलेच होते.

"मी डावखुरा आहे," मी म्हटलं.

"असं होय," डॉक्टर म्हणाला आणि पुढचा टाका घातला. "ह्या हाताची दोन बोटं काही पूर्ण मिटायची नाहीत आता, आधीच सांगतो. पण नशीब समजा. कामाचा हात वाचला."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं गुडघे सैल केले होते. हात बाहेर आला होता, मांडीवर उताणा पडला होता, स्वच्छ, बोटं थोडी हलत होती.

"हो," मी म्हटलं. "वाचला."